आंदणाची कलमं

त्या वर्षी माझी सकाळ काचघराच्या कुलपापासून सुरू व्हायची. कुलूप गंजलेलं होतं. किल्ली आधी थोडी बाहेर ओढून मग फिरवावी लागे. आत गेल्यावर पहिलं काम तापमापक पाहण्याचं, दुसरं भिंतींना लावलेल्या पोत्यांवर पाणी मारण्याचं. मग हात ब्लीचच्या पाण्यात बुडवायचे, कात्री त्याच पाण्यात ठेवायची आणि कुंड्यांच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. प्रत्येक कुंडीत महाळुंगाचं एक रोप होतं. देवीच्या हातातलं फळ म्हणून महाळुंग लोकांना माहीत असतं. आमच्याकडे त्याचा मान निराळा होता. संत्र्याचं झाड जो रोग वर्षानुवर्षं अंगात लपवून ठेवतं, तो महाळुंगाला लपवता येत नाही. संशयित झाडाच्या सालीचा नखाएवढा तुकडा त्याच्या खोडात बसवायचा, वर पट्टी बांधायची आणि वाट पाहायची. रोग असला तर काही महिन्यांत कोवळी पानं खाली वळू लागतात. पान उलटं केलं की मधली शीर तपकिरी पडलेली, तडकलेली दिसते.

फेब्रुवारीच्या अखेरीस अशाच एका सकाळी मी शेवटच्या ओळीतलं एक पान पेनच्या टोकानं उलटलं आणि हातातली पाण्याची नळी खाली ठेवली. शेजारचं रोप पाहिलं. त्याच्या शेजारचं पाहिलं. मग निरोगी रोपांच्या ओळीकडे जाऊन आले. तिथली पानं सरळ होती.

पुढच्या ओळी केव्हाच वळल्या होत्या. त्या सावळापूरच्या दौलतराव पाचघरे यांच्या बागेतल्या होत्या आणि त्यांच्याबद्दल मला शंका नव्हतीच. शेवटची ओळ मात्र खडकवाड्याच्या एका अशा झाडाची होती, ज्याला आजवर कोणी आजारी म्हटलं नव्हतं.

आमचे विभागप्रमुख हरकरे सर आले तेव्हा मी नुसतीच उभी होते. त्यांनी वाकून पान पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि विचारलं की हे पाचघऱ्यांच्या त्या सुनेच्या माहेरचं झाड का. मी हो म्हणाले. सरांनी पान हळूच सोडलं. मग म्हणाले, पाचघऱ्यांनी आपल्या बागेपुरतं विचारलं आहे. ही ओळ तू स्वतःच्या कुतूहलापोटी लावलीस. ती सांगायलाच हवी असं बंधन तुझ्यावर नाही. दाराशी पोहोचल्यावर ते थांबले.

"त्या झाडाचे डोळे कलमांसाठी अजून बाहेर जातात का, एवढं मात्र विचारून ये," ते म्हणाले आणि गेले.

मी सावळापूरची बस धरली.

सावळापूरला मी पहिल्यांदा गेले ती दिवाळीनंतर. त्याआधी दौलतरावांचा मुलगा प्रभाकर वर्तमानपत्रात गुंडाळलेली खोडाची साल घेऊन आमच्या वनस्पतिरोग विभागात आला होता. साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत होती. त्यानं बागेत नेऊन दाखवलं तेव्हा वरच्या-खालच्या दोन्ही प्लॉटांत तेच. कलमाच्या जोडाखाली, जमिनीलगतच्या खुंटाची, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधतात त्या रोपाची, साल उभी फाटून लोंबत होती आणि जोडाच्या वर झाड खुरटलेलं होतं. ज्या वयात संत्र्याच्या झाडाखाली माणसानं सावलीला बसावं, त्या वयात ही झाडं माझ्या खांद्याला लागत होती. त्यांच्यावर फळ होतं, पण थोडं आणि लहान.

दौलतराव आमच्याबरोबर फिरत होते. पत्नी गेल्यापासून त्यांनी बागेखेरीज दुसऱ्या कशात मन घातलं नव्हतं, असं प्रभाकर म्हणाला. झाडातली वाळलेली काडी, जिला तिकडे सल म्हणतात, ती ते दरवर्षी स्वतः काढत. दुसऱ्याला कात्री देत नसत. एका झाडाची सल काढून झाली की रॉकेलच्या बोळ्यावर कात्रीचं पातं धरत, निववत आणि मगच पुढच्या झाडाला हात लावत. आमच्याच खात्याच्या कुठल्याशा पत्रकात त्यांनी ते वाचलं होतं. मी त्यांचं कौतुक केलं, त्यांना ते आवडलं.

एक खोड दाखवायला म्हणून मी बांधावर उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेला, चंद्रकलाला, सहज हाक मारली. ती आमच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन आली होती. ती हलली नाही. तिथूनच म्हणाली, "तुमी पाहा ना मॅडम. मी अथूनच सांगते." तिनं कोणत्या ओळीत कोणतं झाड आधी सोललं, ते बांधावरून बोट दाखवून बिनचूक सांगितलं. कळशी प्रभाकरनं जाऊन आणली.

परतताना प्रभाकरकडून उलगडा झाला. वरच्या प्लॉटातली सारी कलमं चंद्रकलाच्या माहेरची होती. तिचे वडील नामदेवराव बेलसरे कलमांचा धंदा करत. अंगणातल्या एका जुन्या झाडाचे डोळे, म्हणजे पानांच्या बगलेतले कोंब, काढून ते कलमं बांधत, आणि घरातली लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर आंदण म्हणून एका बागेपुरती कलमं देत. भांडी दिली नाहीत तरी चालतील, कलमं द्यायची, असा त्या घरचा रिवाज. चंद्रकलानं सासरी आल्यावर ती स्वतःच्या हातानं लावली. चौथ्या-पाचव्या वर्षी साल सुटू लागली. त्यानंतर सासूबाई गेल्या. त्यानंतर खालच्या प्लॉटातली, दुसऱ्याच रोपवाटिकेतून आणलेली कलमंही तशीच होऊ लागली. तेव्हा दौलतरावांनी सुनेला एवढंच सांगितलं होतं की आता तू बागेत पाय ठेवू नको.

"बाबा शिव्या देत नाहीत," प्रभाकर म्हणाला. "पन गावात समद्याइले माहीत झालं का हिचा पायगुन बागेले सोसला नाही. हळदी-कुंकवाले बोलवत नाहीत हिले. नवं झाड लावाचं असलं तं शेजारची बाई येऊन सांगून जाते, का चंद्रकलाले इकडं पाठवू नका."

त्या दिवशी बस येईपर्यंत चंद्रकला माझ्याबरोबर फाट्यावर उभी राहिली. गाडीची धूळ दिसल्यावर ती बोलली.

"मॅडम, मले औषध-बिवशध नको. तुमचं जे काय निघन ते निघन. पन एकडाव मामंजीपुढं तोंडानं सांगा का हे माह्यासंगं नाही आलं."

निघेल ते सांगेन, असं मी म्हणाले. पण मनात मी तिचीच बाजू घेतली होती. पुढच्याच पंधरवड्यात प्रभाकरला निरोप पाठवून त्याच्या सासऱ्याच्या, नामदेवरावांच्या, अंगणातल्या झाडाची एक काडी मागवली. ते झाड निरोगी निघालं की चंद्रकला मोकळी होईल, असा माझा हिशोब होता.

आता निकाल घेऊन मी सावळापूरला पोहोचले तेव्हा चंद्रकला घरामागच्या सांदवाडीत खाटेवर धुतलेलं लुगडं पसरून मुगवड्या घालत होती. पुरुष मंडळी बागेत होती. तिनं माझ्यासाठी पाट ठेवला आणि हात न थांबवता विचारलं, "आलं का तुमचं?"

"आलं."

"मंग?"

रोग म्हणजे नेमकं काय आहे ते मी आधी सांगितलं. ही कीड नाही, बुरशी नाही. विषाणू म्हणावा तर विषाणूला अंगावर कवच तरी असतं, याला तेही नाही. आरएनए नावाचा एक अतिसूक्ष्म धागा, त्याची दोन्ही टोकं जुळून बांगडीसारखी कडी झालेली. एवढंच. स्वतःचं असं त्याच्याजवळ काहीच नाही. तो झाडाच्या पेशीत शिरतो आणि झाडाकडूनच आपल्या प्रती करून घेतो.

"तो मातीतून पसरत नाही," मी म्हणाले. "वाऱ्यानं येत नाही. माणसाच्या पावलानं तर नाहीच नाही."

तिचा चेहरा उजळला. तसा तो मी आधी पाहिला नव्हता. "बस्स. हेच सांगजा मामंजीले. हेच."

"पण मग तो येतो कसा, तेही ते विचारतील."

"कसा येते?"

"कात्रीच्या पात्यावरून. आणि डोळ्यातून."

तिचा हात थबकला आणि मग ती हसली. "हे नका सांगू बाप्पा. आतालोक पायगुन होता, आता नजर लागली म्हनतीन. एक सुटलं आन् दुसरं लागलं."

मीही हसले. ते हसू चमत्कारिक होतं, कारण ते संपल्यावर काय येणार हे मला ठाऊक होतं. कलमाचा डोळा म्हणायचं होतं, असं मी पुटपुटले.

"मले समजते ना. कलमवाल्याची पोरगी आहो मी." तिनं वाटलेल्या डाळीचा एक गोळा उचलला आणि तो तसाच बोटांत राहिला. "डोळे तं बाबाच्या झाडाचे."

"हो."

"त्या झाडाची काडी तुमी नेली होती."

"त्याच्यातही तोच निघाला. आज सकाळी."

त्या झाडाला काही झालेलंच नाही, हे ती दोनदा म्हणाली. ती लहान होती तेव्हापासून ते तसंच उभं आहे, या मृगबहाराला तर फांद्यांना टेकू द्यावे लागले. मी तिला खुंटाचं सांगितलं. ते झाड जंभेरी लिंबाच्या खुंटावर आहे. जंभेरी हा रोग अंगात वागवते, पण तिला त्याचं काही होत नाही. बाहेर खूण दिसत नाही. त्याच झाडाचा डोळा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बसवला की खुंटाची साल सुटते आणि झाड खुरटतं.

"रंगपूर तं बाबानं मुद्दाम आनलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "माह्यासाठी. सावळापूरची जमीन भारी हाय, जंभेरी पानी धरून सडन म्हने. कोठून कोठून बी आनलं."

बोटांतला गोळा तिनं परत डाळीत ठेवला.

"म्हंजे मामंजी म्हनत होते ते खरंच होतं. माह्यासंगंच आलं."

"तुमच्यासंगं नाही. कलमांसंगं आलं."

"आन् कलमं कोनासंगं आली?"

 बसमध्ये मनाशी जुळवलेलं एक वाक्य मी बोलून टाकलं. तुमच्या माहेरच्या झाडाबद्दल मला कोणी विचारलेलं नाही. पावलाचं आणि मातीचं जे सांगितलं तेवढं सांगून मी थांबू शकते. त्यात खोटं काही नाही. तुमच्या मामंजींचा समज त्यानं दूर होईल.

"आन् बाकीचं कोनाले समजनार नाही?"

"नाही."

तिनं पुन्हा वड्या घालायला सुरुवात केली. एकेक वडी आधीसारखीच, सारख्या अंतरावर. लुगड्याची एक कड भरली, दुसरी ओळ धरली. मला वाटलं, ठरलं. मग ती मान वर न करता म्हणाली, "इंदूचं लगन हाय वैशाखात."

इंदू कोण ते मला माहीत नव्हतं. तिची धाकटी बहीण. तिच्या आंदणाची कलमं वडिलांनी गेल्या साली बांधून ठेवली होती. पिशव्यांत तयार होती. नवरदेवाकडची जमीनही भारी, म्हणून रंगपुरावरच. इंदूच्या सासऱ्यानं आतापासून खड्डे खणून ठेवले होते. पाऊस पडला की लावायची.

चंद्रकलानं गंजातली उरलेली डाळ झाकली, हात धुतले आणि पदरानं कोरडे केले.

"जसं हाय तसं सांगा," ती म्हणाली. "अर्धं नका सांगू."

दौलतराव आणि प्रभाकर बागेतून परतल्यावर ओसरीवर बसून मी सगळं सांगितलं. चंद्रकला माजघराच्या दारात उभी होती. दौलतरावांनी चष्मा लावला होता, जणू ऐकण्यासाठीही तो लागत असावा. कलमं, जुनं झाड, खुंट, सगळं त्यांनी एकदाही मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"म्हंजे मी म्हनत होतो त्यात वावगं नव्हतं," ते शेवटी म्हणाले.

"बाबा, मॅडम कलमाचं सांगून राह्यल्या," प्रभाकर म्हणाला.

"मीही कलमाचंच म्हनतो. पन मंग एक सांगा मॅडम. खालच्या प्लॉटातली कलमं हिच्या माहेरची नाहीत. ते मी आनले, दुसऱ्या नर्सरीतून, रंगपुरावरचेच. त्याइले काहून लागलं?"

हा प्रश्न त्यांनी जिंकण्यासाठी विचारला होता. या एका गोष्टीला माझ्या विद्येत उत्तर नसेल, अशी त्यांची खात्री असावी. मला तो टाळता आला असता तर बरं झालं असतं.

"सल कोण काढतं?" मी विचारलं.

"मी. दुसऱ्याले हात लावू देत नाही."

"आधी वरच्या प्लॉटातली?"

"वरची आधी. मंग खालची. मंग जुनी बाग." ते थांबले. "मी कात्री जाळून घेत होतो. दर झाडाले."

"बुरशीसाठी ते बरोबर आहे. हा त्या जाळानं जात नाही. याला ब्लीचचं पाणी लागतं."

 दौलतरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला नाही.

"जुन्या बागेतही गेलं असन."

"गेलं असेल. ती जंभेरीवर आहे, म्हणून दिसत नाही."

"म्हंजे आनलं कलमानं," ते म्हणाले, "आन् घरभर नेलं म्या."

कोणीही ते खोडून काढलं नाही. सुनेला बागेबाहेर ठेवण्याच्या साऱ्या काळात ते स्वतः रोज आत जात होते, एवढी साधी गोष्ट आम्हा चौघांच्याही मनात त्या क्षणी असावी.  चंद्रकला दारातून म्हणाली, "मामंजी, मी खडकवाड्याले जाते. इंदूची कलमं थांबवा लागतीन."

प्रभाकर दचकून उठला. आज हे सगळं निघालं आणि आजच ती पिशवी घेऊन फाट्यावर उभी राहिली, तर गाव त्याचा काय अर्थ काढेल, हे त्यानं तिला अर्धवट शब्दांत सांगून पाहिलं. चार दिवसांनी मीच जातो, म्हणाला. ती तिथेच उभी राहिली. तिला नवऱ्याच्या नाही, सासऱ्याच्या शब्दाची वाट होती.

दौलतरावांनी हातातला चष्मा मिटला.

"मॅडमले संगं ने," ते म्हणाले. "तुह्या बापाले तुह्या एकटीच्या सांगन्यानं पटनार नाही. आन् मुक्काम नको करू. संध्याकाळच्या गाडीनं वापस ये. उद्या दोन्ही प्लॉट काढा लागतीन, घरचे समदे लागतीन."

चंद्रकला आत गेली. पिशवी न घेता, नुसता पदर सावरून बाहेर आली.

खडकवाड्याच्या त्या झाडासारखं झाड मी नंतरच्या नोकरीतही फार थोडं पाहिलं. अंगणाचा अर्धा भाग त्याच्या सावलीत होता. फांद्यांखाली बांबूचे टेकू होते, आणि गडद पानांतून संत्री अशी दिसत होती की बसमधून उतरल्यापासून पाठ केलेलं माझं बोलणं मला स्वतःलाच हास्यास्पद वाटू लागलं. खोडाला कुंकू लावलेलं होतं. खुंटाची साल गुळगुळीत, घट्ट. मी वाकून नखानं तपासली.

नामदेवराव लेक आली म्हणून आधी हरखले आणि ती नवऱ्याशिवाय, अचानक आली म्हणून लगेच भ्यायले. लांबच्या गावचा एक बागायतदार कलमासाठी डोळकाड्या न्यायला आला होता. काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या; पाहुणा झाडाखालच्या बाजेवर चहा पीत होता. नामदेवरावांनी आम्हाला घरात नेलं.

मी बोलायला तोंड उघडलं, पण चंद्रकलानं मला हातानं थांबवलं. तिनं सर्व स्वतःच सांगितलं. माझी वाक्यं तिच्या बोलीत अधिक सोपी झाली होती. कडीचा धागा, जंभेरी, रंगपूर, कात्री. काही चुकलं नाही. नामदेवराव ऐकता ऐकता माझ्याकडे पाहत होते. मी नाही म्हणेन, अशी त्यांना आशा असावी.

"माह्या झाडाले काय झालं ते दाखवा तं," ते मला म्हणाले.

"झाडाला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "ते फक्त देतं."

ते विचारी माणूस होते. रागावले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी एक तोड काढली. जंभेरीवर दिसत नाही ना, मग आपण इथून पुढे जंभेरीवरच बांधू. रंगपूर बंद. झाडही राहील, धंदाही राहील, कोणाचं नुकसान नाही. इंदूची कलमंही पुन्हा बांधून देऊ. मी म्हणाले की जंभेरीवरची झाडंही हा रोग बाळगतीलच. शेजाऱ्याच्या रंगपुराला एका कात्रीनं तो जाईल.

"म्हंजे दिसनार नाही," चंद्रकला म्हणाली. "इतकंच ना, बाबा?"

नामदेवराव तिच्याकडे वळले. "चंदा, चाळीस गावात माह्ये डोळे गेले. त्याइले मी आता काय सांगू? लोक काय म्हनतीन मले?"

"मले म्हनत होते तेच म्हनतीन." तिचा आवाज चढला नाही. "मी ऐकलं ना इतके वर्स. मले तं माहीतही नव्हतं काहून ऐकून राह्यली ते. तुमाले निदान माहीत हाय."

मला ते बोलणं कठोर वाटलं आणि तिलाही वाटलं असावं, कारण लगेच ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.  चूल विझत आली होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. काही वेळानं चंद्रकला उठली, मागचं दार उघडून गोठ्यापलीकडच्या मांडवात गेली. मी तिच्यामागे गेले.

इंदूची कलमं तिथे काळ्या पिशव्यांत ओळीनं उभी होती. सरळ, हिरवीगार, गुडघ्याच्या वर आलेली. प्रत्येक जोडावरची पट्टी सोडलेली होती आणि जोड इतका स्वच्छ बसला होता की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. चंद्रकला खाली बसली, पहिली पिशवी जवळ ओढली, नखानं फाडली, रोप धरून माती झटकली आणि ते बाजूला ठेवलं. मग दुसरी. आवाज ऐकून इंदू आली. ती अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी होती. काय करून राह्यली गं, असं तिनं विचारलं. चंद्रकला म्हणाली, सांगते, बस. आणि हात न थांबवता सांगू लागली. इंदूनं ऐकता ऐकता एक पिशवी मांडीवर घेतली, पण तिला ती फाडवेना. तिच्या मांडीवरून चंद्रकलानंच ती उचलली.

मांडवातून अंगण दिसत होतं. नामदेवराव पुढच्या दारानं बाहेर आले आणि झाडाखाली पाहुण्याजवळ जाऊन उभे राहिले. पाहुण्यानं कप ठेवला आणि फडक्यातल्या काड्यांकडे हात केला. नामदेवरावांनी त्या आधी उचलल्या.

"डोळे देता येनार नाहीत," ते म्हणाले. "रोग हाय झाडात."

पाहुण्यानं झाडाकडे पाहिलं, मग नामदेवरावांकडे पाहिलं आणि हसला. थट्टा समजला असावा. दुसऱ्या कोणाला शब्द दिला असेल तर तसं सांगा, तो म्हणाला. नामदेवरावांनी नाही म्हणून मान हलवली आणि तेच पुन्हा, तितक्याच शब्दांत सांगितलं. गेल्या सालात त्याच्या गावी कोणाकोणाकडे या झाडाची कलमं गेली, ते त्यांनी नावं घेऊन विचारलं, आणि येत्या आठवड्यात मी स्वतः येऊन भेटतो, असं त्या सर्वांना सांगायला सांगितलं. पाहुणा उठला. फाटकापर्यंत ते त्याला पोहोचवायला गेले.

मग ते मांडवात आले. हातातलं ओलं फडकं उलगडून त्यांनी काड्या एकेक करून मोडल्या आणि चंद्रकलानं रचलेल्या ढिगावर टाकल्या. डोक्याचा शेला काढून खुंटीला अडकवला. दोघी लेकींच्या मध्ये जागा करून ते खाली बसले आणि पुढची पिशवी त्यांनी स्वतःकडे ओढली. पिशवी फाडली. तळाशी हात घालून, जन्मभराच्या सवयीनं, एकही मूळ तुटणार नाही अशा बेतानं त्यांनी रोप मातीतून मोकळं केलं, आणि ढिगावर ठेवलं.